फादर ब्राउन यांची जन्मकथा

गुप्तहेरकथा म्हटली की शेरलॉक होम्सचे भिंग डोळ्यांपुढे येते. जी. के. चेस्टरटन यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या बारा कथांच्या संग्रहात मात्र गुन्ह्याचा छडा लावतो तो गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळताना धांदल उडणारा एक कॅथलिक धर्मगुरू. हा संग्रह आम्ही पुनःपुन्हा आवडीने वाचतो. पण कथांहूनही त्यांची जन्मकथा आम्हांस मोलाची वाटते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी यॉर्कशायरमध्ये चेस्टरटन यांचा फादर जॉन ओकॉनर यांच्याशी परिचय झाला. मानवी दुष्टतेविषयी या सौम्य धर्मगुरूंना असलेली जाण पाहून लेखकमहाशय थक्क झाले. त्याच घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी होते. फादर खोलीबाहेर जाताच त्यांनी शेरा मारला, की मठाच्या भिंतीआड राहणाऱ्यांना जगातले पाप काय ठाऊक! चेस्टरटन यांना हसू आवरणे कठीण गेले. या विसंगतीतूनच फादर ब्राउन जन्मले.

'निळा क्रूस' या पहिल्या कथेत फ्लांबो हा चोर धर्मगुरूच्या वेषात येतो. माणसांची पापनिवेदने ऐकणारा पापाविषयी अनभिज्ञ कसा राहील, असे फादर त्याला सुनावतात. त्याचे सोंग उघडे पडते ते मात्र त्याने तर्कबुद्धीची निंदा केल्यामुळे. खऱ्या धर्मगुरूचे ईशज्ञान असे नसते. (सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी ही कथा अवश्य वाचावी.)

हे सारे लिहिताना चेस्टरटन स्वतः कॅथलिक नव्हते. ३० जुलै १९२२ रोजी ते ख्रिस्तसभेत आले. बीकन्सफील्ड गावी तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते, म्हणून एका हॉटेलच्या पत्र्याच्या छपराखाली तो विधी झाला. त्यांचा स्वीकार केला फादर ओकॉनर यांनीच.