‘आयकॉन ऑफ द सीज’: वीस मजल्यांचे तरंगते नगर

त्या वेळी जगातील सर्वांत मोठे असलेले पर्यटन जहाज ‘आयकॉन ऑफ द सीज’ २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीस निघाले. गोव्यातील तारवटींच्या कुटुंबांना क्रूझ जहाजे नवी नाहीत. हे मात्र ३६५ मीटर लांब असून त्यावर २० डेक आहेत. पूर्ण भरल्यास ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी त्यावर असतील.

सात जलतरण तलाव व सहा जलघसरगुंड्या जाहिरातींत झळकतात. प्रवासातील सुखाचा संबंध मात्र पाण्याखालील भागाशी अधिक. दोन्ही बाजूंस पसरणारे स्थिरक पंख जहाजाचे डावी-उजवीकडे डोलणे कमी करतात. नाळ वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. म्हणून ज्यांना बोट लागते, त्यांनी उंचावरील महागड्या खोलीपेक्षा मध्यभागातील खालच्या डेकवरील खोली निवडावी.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटले व ३२ जणांचा बळी गेला. त्याच सायंकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची संकटकालीन कवायत झालीच नव्हती, कारण नियमाने त्यासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. ‘आयकॉन’वर सूचना मोबाइलवर पाहता येतील, परंतु नेमून दिलेल्या एकत्रीकरणाच्या जागी प्रत्येकाला स्वतः जावे लागेल. जीवरक्षक नौका व तराफे मिळून जहाजावरील एकूण माणसांच्या १२५ टक्के जागा असणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आवश्यक आहे.