एक उपेक्षित रचना व एक बालवादक

आपलें संगीत गवयाच्या कंठांत राहतें व त्याच्याबरोबरच जातें. युरोपीयांचें संगीत कागदावर उतरलेलें असल्यामुळें त्यास मरण नाहीं, असें आमच्या सुशिक्षितांत वारंवार बोललें जातें. बेथोव्हेनच्या व्हायोलिन-कन्चेर्टोचा इतिहास पाहिला म्हणजे हें मत पुन्हां तपासून घ्यावेंसें वाटतें.

एका व्हायोलिनवादकानें संपूर्ण वाद्यवृंदाच्या साथीनें वाजवावयाची ही रचना २३ डिसेंबर १८०६ रोजीं व्हिएन्ना येथें प्रथम लोकांसमोर आली. वादक फ्रान्झ क्लेमेंट हा त्या काळचा नामांकित कलावंत होता. तथापि रचना अगदीं आयत्या वेळीं पुरी झाल्यामुळें त्यास सरावाला पुरेसा अवसर मिळाला नाहीं, असें सांगतात. तत्कालीन समीक्षकानें तींतील सौंदर्य मान्य केलें, पण ती तुटक आहे व तेच ते स्वरसमूह फिरून फिरून येऊन कंटाळा आणतात, असा दोषही दिला. १८०८ सालीं ती छापून निघाली. म्हणजे कागदावर ती सुरक्षित होती; परंतु वादक तिच्या वाटेस क्वचितच जात. १८२७ सालीं बेथोव्हेन निवर्तला, तो तिचा गौरव पाहिल्यावांचूनच.

तिचें भाग्य उघडलें तें एका मुलाच्या हातून. जोसेफ योआखिम याचा जन्म २८ जून १८३१ रोजीं तत्कालीन हंगेरीच्या राज्यांतील एका यहुदी कुटुंबांत झाला. व्हिएन्ना येथें जोसेफ बोएम याजपाशीं शिकून १८४३ सालीं तो लायप्झिगला मेंडेलसॉनच्या छत्राखालीं आला. पुढल्या वर्षीं लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीनें आपल्या वाद्यवृंदाच्या संचालनासाठीं मेंडेलसॉनला पाचारण केलें, तेव्हां त्यानें या मुलास पुढें केलें. बालवादकांस मंचावर आणावयाचें नाहीं, असा त्या संस्थेचा नियम होता. तो योआखिमपुरता बाजूस ठेवण्यांत आला. २७ मे १८४४ रोजीं, तेरावें वर्ष पुरें होण्यास महिना उरला असतां, त्यानें तो कन्चेर्टो वाजविला. एकट्या वादकासाठीं मोकळ्या सोडलेल्या जागा त्यानें स्वतः रचलेल्या स्वरांनीं भरल्या. सभागृह टाळ्यांनीं दुमदुमून गेलें. त्या दिवसापासून या रचनेकडे पाहण्याची दृष्टि पालटूं लागली, आणि आज ती वाजविल्यावांचून कोणाही थोर व्हायोलिनवादकाची ख्याति पूर्ण होत नाहीं.

आम्हांस मात्र त्या टाळ्यांहून त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मेंडेलसॉननें मुलाच्या आप्तांस कळविलें कीं, एकवार यश मिळविण्याचा हेतु सफळ झाला. आतां दोन-तीन वर्षें यानें लोकांसमोर न येतां शांतपणें अभ्यास करावा. कीर्ति दारीं उभी असतां तिला थांबावयास सांगणारा असा वडीलधारा लाभला, म्हणूनच तें बालपणाचें तेज १९०७ सालीं योआखिमचा अंत होईपर्यंत टिकलें.

तेव्हां लेखनानें रचना राखली जाते इतकेंच खरें. तिला बोलतें करावयास कोणाचा तरी हात लागतो, आणि त्या हाताला वळण द्यावयास गुरु लागतो. या बाबतींत त्यांची आणि आपली गरज निराळी नाहीं.