ओंडका, रोजकीर्द आणि रात्री २.१० ची ओळ

‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेलं लाकूड समुद्रात टाकत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. तो आकडा ज्या वहीत जाई, ती लॉगबुक. आपल्याकडे पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द असे: त्या दिवसाचं त्या दिवशी लिहायचं.

मी बोईसरचा. इथून जवळच असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातून २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. त्या पिढीच्या कंट्रोल रूममध्ये सरकत्या कागदावर पेन तापमान, दाब उमटवत राही. शिफ्ट संपताना ऑपरेटर पुढच्यासाठी वहीत लिहून जाई. एमआयडीसीतल्या कारखान्यांत ही वही अजूनही दिसते.

२००९ मध्ये रायन डालने नोड.जेएस आणलं आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट सर्व्हरवर सर्रास चालू लागली. सोबत कन्सोल.लॉगची सवयही आली. पण ती नोंद समोर बसलेल्या माणसासाठी असते. रात्री सर्व्हरसमोर कोण बसतं? तिथे फाइलच हवी.

इथल्याच एका कारखान्यात रात्री बॅच बिघडली, तेव्हा सर्व्हरची लॉग फाइल माझ्याकडे आली. २.१० ची ओळ होती: ‘एरर: [ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]’. वेळ अचूक, मजकूर शून्य. जावास्क्रिप्टमध्ये साधा ऑब्जेक्ट मजकुराला अधिकच्या चिन्हाने जोडला की हेच उमटतं. जेसन.स्ट्रिंगिफाय वापरलं तर त्यातला तपशील दिसतो. पण त्यालाच एरर दिली, तर सहसा नुसता रिकामा महिरपी कंस मिळतो, कारण तिचे मेसेज आणि स्टॅक हे गुणधर्म तो मोजतच नाही. ते वेगळे काढून लिहावे लागतात. पिनोसारखी लायब्ररी ते करून देते. शिवाय नोंद फाइलपर्यंत पोचायच्या आत प्रोसेस.एक्झिट झालं, तर नेमकी शेवटची ओळ हरवते. आपल्याला हवी असते तीच.

त्या रात्रीच्या ऑपरेटरला आठवडाभर उत्तरं द्यावी लागली. चूक त्याचीच, असं सगळे धरून चालले होते आणि सर्व्हरकडे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं काही नव्हतं. तो सुटला त्याच्या वहीमुळे: किती वाजता तापमान किती, कुठला व्हॉल्व्ह कधी बंद केला, कुणाला फोन केला. सगळं त्याच्या हाताने, त्याच वेळी लिहिलेलं.

नंतर त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आम्ही तेवढंच आणलं, जेवढं त्या वहीत आधीपासून होतं.