एकट्याची बैठक

वाहनांचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा यंत्राची शक्ति, चाकांचा घेर आणि वेगाचे आंकडे यांतच रमतात. बसण्याच्या जागेकडे त्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. घोड्याच्या काळींही हाच अन्याय झाला. घोड्याचें कुळ सर्वांनीं वाखाणलें, आणि खोगीर मात्र ‘खोगीरभरती’ या कुत्सित शब्दापुरतें भाषेंत उरलें. वस्तुतः वाहनावर कोण बसतो, किती जण बसतात आणि कशासाठीं बसतात, हें बैठकीइतकें स्पष्टपणें दुसरा कोणताही भाग सांगत नाहीं. इंग्लंडमधील मोटरसायकलीच्या बैठकीनें १९५० ते १९७० या वीस वर्षांत जें रूप पालटलें, त्यांत एका पिढीच्या मनाचा पालट वाचतां येतो.

मोटरसायकल ही सायकलीची लेक. तिनें माहेरून आणलेली बैठक म्हणजे पुढें निमुळती होत गेलेली कातड्याची गादी आणि तिच्याखालीं जाड तारेच्या स्प्रिंगा. बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकाला स्वतःचा स्प्रिंगांचा आधार नव्हता, म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक हिसका या गादीलाच सोसावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकालाही तसा आधार मिळूं लागला, गादीवरचें हें ओझें उतरलें, आणि तिच्या जागीं दोघांना पुरेल अशी लांब, सलग बैठक आली. ट्रायम्फ कंपनीनें अशी जोडबैठक १९४९ च्या सुमारास बाजारांत आणली. तिच्यावर पुढें कामगार आणि मागें त्याची पत्नी बसे. पोरेंबाळें शेजारच्या साइडकारमध्यें असत. मोटार न परवडणाऱ्या कुटुंबाचें तें वाहन होतें.

याच सुमारास लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर दुसरेंच जग आकार घेत होतें. तेथें १९३८ सालीं मालमोटारींच्या चालकांसाठीं ‘एस कॅफे’ नांवाचें उपाहारगृह निघालें होतें. १९४० च्या विमानहल्ल्यांत तें उद्ध्वस्त झालें आणि १९४९ सालीं पुन्हां उभें राहिलें. पुढच्या दशकांत कारखान्यांतून कमाई करणारीं तरुण पोरें संध्याकाळीं तेथें जमूं लागलीं. ताशीं शंभर मैल, म्हणजे सुमारें १६१ किलोमीटर, हा वेग गांठणें ही त्यांची प्रतिष्ठा होती. शंभराला त्यांच्या बोलींत ‘टन’ म्हणत, म्हणून लोक त्यांना ‘टन-अप बॉइज’ म्हणूं लागले. त्यांच्या शर्यती एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंतच, म्हणून त्यांच्या गाड्या ‘कॅफे-रेसर’ ठरल्या. हें नांव आरंभीं थट्टेचें होतें, असें सांगतात.

या तरुणांचा आदर्श होता आइल ऑफ मॅन बेटावरील १९०७ पासून चालत आलेली ‘टी. टी.’ शर्यत. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनीं रचलेल्या सांगाड्यावर नॉर्टन कंपनीनें १९५० सालीं नवी गाडी उतरविली, आणि त्याच वर्षीं जेफ ड्यूक यानें तिच्यावर बसून सीनियर टी. टी. जिंकली. हॅरॉल्ड डॅनिएल या स्वारानें या गाडीला पिसांच्या बिछान्याची उपमा दिली, आणि तेव्हांपासून तो सांगाडा ‘फेदरबेड’ म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांत ट्रायम्फचें इंजिन बसविलें कीं ‘ट्रायटन’ तयार होई. दोन घराण्यांचा हा संकर तरुणांना सर्वांत प्रिय होता.

शर्यतीची गाडी आणि घरगुती गाडी यांतील खरा भेद स्वाराच्या अंगस्थितींत आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. म्हणून स्वाराला पेट्रोलच्या टाकीवर आडवें व्हावें लागतें. त्यासाठीं हँडल खालीं उतरतें, पाय ठेवण्याच्या दांड्या मागें सरकतात, आणि अर्थातच बैठकही मागें सरते व अरुंद होते. गाडी झपाट्यानें वेग घेते तेव्हां स्वार मागें घसरूं पाहतो. त्याला अडविण्यासाठीं बैठकीच्या शेवटीं उंचवटा उभारला जातो. पाहणाऱ्यास जी निव्वळ ऐट वाटते, ती मुळांत अशी गरज होती.

अशी बैठक करण्याची रीति आजही फारशी बदललेली नाहीं. प्रथम जुनी बैठक काढून सांगाड्याचें माप घेतात. मागचें चाक खड्ड्यांत वर उसळतें, तेव्हां तें बैठकीच्या बुडास लागणार नाहीं एवढें अंतर राखावें लागतें. मग ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून किंवा कांचेच्या तंतूंची चटई राळेंत भिजवून, थरावर थर देऊन, बैठकीचें बूड घडवितात. राळ आणि ती कठीण करणारें द्रव्य यांचें प्रमाण चुकलें, तर बूड एक तर चिकट राहतें किंवा तडकतें. त्यावर घट्ट फोम चिकटवून तो सुरीनें व काचकागदानें आकारास आणतात, आणि शेवटीं कुशनवाला रेक्झिन ताणून शिवतो. शिवण बसण्याच्या जागीं आली तर पाणी आंत झिरपतें. सांगाड्याचा मागचा भाग कापतांना तर अधिकच जपावें लागतें, कारण शॉक ॲबसॉर्बरची वरची टोकें त्यालाच बांधलेलीं असतात.

आतां श्रोत्यांच्या मनांत प्रश्न येईल, कीं मागची जागा रिकामी कां झाली? १९५९ सालीं सुमारें ५०० पौंडांत ‘मिनी’ ही छोटी मोटार विकावयास आली. पावसांत न भिजतां चौघांना नेणारें वाहन हप्त्यांवर मिळूं लागतांच कुटुंब मोटरसायकलीवरून उतरलें. साइडकार अडगळींत गेली, आणि गाडीवर तरुण मुलगा एकटा उरला. ज्या जागेवर आई बसली होती, तेथें त्यानें उंचवटा बांधला. परिस्थितीनें दिलेला एकटेपणा त्यानें अभिमानाचें चिन्ह करून मिरविला.

या अभिमानाची किंमत जबर होती. अनेक तरुण रस्त्यावर प्राणांस मुकले. वृत्तपत्रांनीं त्यांना गुंड ठरविलें, तर सरकारनें १९६१ पासून शिकाऊ चालकांस २५० सी. सी. पेक्षां मोठ्या गाडीची मनाई केली. मात्र हॅकनी विक येथील एक पाद्री, बिल शेरगोल्ड, स्वतः मोटरसायकलीवर बसून एस कॅफेवर गेला आणि त्यानें या पोरांना आपल्या चर्चमध्यें बोलाविलें. १९६२ सालीं तेथील ‘फिफ्टी-नाइन क्लब’ची मोटरसायकल शाखा सुरू झाली, आणि हजारों तरुण तिचे सभासद झाले. एकट्याच्या बैठकीवर बसलेल्यांनाही सोबत हवीच होती. ती मागण्याचें धैर्य तेवढें त्यांच्यांत नव्हतें.

बंडाची वस्तु लोकप्रिय झाली कीं कारखाना ती उचलतो. रॉयल एन्फील्डनें १९६४ च्या अखेरीस २५० सी. सी. ची ‘कॉन्टिनेंटल जी. टी.’ काढली. पोरें घरीं करीत तीच खालचीं हँडलें आणि तोच उंचवटा आतां दुकानांत मिळूं लागला. पण १९६७ सालीं त्या कंपनीचा रेडिच येथील कारखाना बंद पडला, आणि १९६९ सालीं एस कॅफेचेंही दार लागलें; तें पूर्णपणें उघडण्यास २००१ साल उजाडलें. रॉयल एन्फील्डचें नांव टिकलें तें १९५५ पासून मद्रासेस चाललेल्या उद्योगामुळें. तेथूनच २०१३ सालीं त्याच जुन्या नांवाची नवी गाडी निघाली.

पुण्यामुंबईकडेही जुन्या बुलेटवर अशी बैठक चढविणारे हौशी तरुण आहेत. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीशीं विसंगत फेरबदलास आडवें येतें, हें त्यांनीं विसरूं नये. पण याहून जुना नियम बैठक स्वतःच शिकविते. इंजिन माणसास किती दूर नेईल तें सांगतें, तर आपण कोणाला बरोबर नेणार आहों, तें बैठक सांगते.