कुंडिनपूरच्या मुलीचे पत्र

रुक्मिणी ही आपली माहेरवाशीण आहे, हे नागपूरकर श्रोत्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. भीष्मक राजाचे कुंडिनपूर ते हेच, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानले जाते, आणि दर आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. १९६२ ते ६४ या काळात तिथे उत्खनन झाले आणि फार जुन्या वस्तीचे थर निघाले. पुराणातली रुक्मिणी त्या थरांत सापडण्यासारखी नव्हती. तिचा इतिहास मातीत नाही, पद्यात आहे, आणि तोच आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. वयात आलेल्या मुलीच्या मनातले गुपित, तिचे पहिले प्रेम, त्यापायी घरात झालेली भांडणे, हा विषय मराठी कवितेत कोणी आणला? आणि तो कोणाकोणाच्या तोंडी गेला?

आम्ही पंडित नव्हे. आमचा जन्म गेला कामगारांच्या संघटनेत. वाचन झाले ते मोर्चे आणि बैठकी यांतून उरलेल्या वेळात, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्या दृष्टीला जे दिसले तेच सांगू.

मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. पाच भावांची ही एकटी बहीण. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून तिने कृष्णाचे वर्णन ऐकले आणि मनाशी ठरवले की वरीन तर यालाच. त्याला तिने पाहिलेले नव्हते. आप्तांचीही त्या सोयरिकीला ना नव्हती. पण थोरला भाऊ रुक्मी आडवा आला. त्याने चेदीच्या शिशुपालाशी लग्न ठरवले, आणि बाप पुत्रस्नेहाने गप्प बसला. हे बापाचे गप्प बसणे ध्यानात घ्यावे. घराघरांतून आजही असेच घडते. बाप वाईट नसतो, पण थोरल्या मुलापुढे त्याचे काही चालत नाही.

मग या मुलीने एका विश्वासू ब्राह्मणाला गुपचूप द्वारकेला धाडले. मराठी कवींनी त्याचे नाव सुदेव ठेवले आहे. भागवतात तिचा निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. पहिल्या श्लोकांत प्रेम आहे, लाज आहे, लाज सोडल्याची कबुलीही आहे. पण पुढे पाहा. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळाची देवीयात्रा असते, नवरी मुलगी नगराबाहेर अंबिकेच्या देवळात जाते, तिथून मला घेऊन जा, असे ती कळवते. का, तर अंतःपुरातून न्यायचे म्हटले की माझ्या भाऊबंदांची हत्या करावी लागेल. दिवस सांगितला, जागा सांगितली, बाहेर पडायची वाट सांगितली, आणि माणसे मरू नयेत याचीही सोय पाहिली. आम्ही आयुष्यात संपाच्या नोटिसा पुष्कळ लिहिल्या. इतकी नेटकी आणि इतकी दयाळू नोटीस आमच्या हातून एकही उतरली नाही. प्रेमात पडलेल्या पोरीला अक्कल नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे सात श्लोक एकदा सावकाश वाचावेत.

आता मराठीकडे येऊ. ही कथा मराठीत गाणारी पहिली व्यक्ती एक बाई होती, आणि ती बाई बालविधवा होती. महदाइसा तिचे नाव; महदंबा असेही म्हणतात. चक्रधरस्वामींची ती शिष्या, नागदेवाचार्यांची चुलत बहीण. लीळाचरित्रात ती पदोपदी भेटते. स्वामींना सारखे प्रश्न विचारते, उत्तर मिळाले की त्यातून दुसरा प्रश्न काढते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर ही मंडळी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंना एकदा लहर आली, लग्न मांडा म्हणाले. भक्तांनी लग्नाचा खेळ मांडला. लग्न म्हटले की धवळे पाहिजेत. धवळे म्हणजे लग्नात बायकांनी म्हणावयाची गाणी. ठाणे-रायगडकडच्या आगरी समाजात धवला गाणारी धवलारीण परवापरवापर्यंत लग्नच लावीत असे. रिद्धपुरात धवळे म्हणायला महदाइसेला सांगितले, आणि तिने सुचेल तसे तिथल्या तिथे रचून रुक्मिणीहरणाचे धवळे गायिले. हा काळ १२८६-८७ च्या आसपासचा. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते ते या धवळ्यांमुळे.

पाठ्यपुस्तकात ही माहिती दोन ओळींत येते आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. पण त्या प्रसंगाकडे जरा थांबून पाहा. लग्नघरात विधवेने पुढे यायचे नाही. हळदीला तिचा हात नको, ओटीला तिचा हात नको, नवरीवर तिची सावली नको. अशी ही बाई, जिला पहिले प्रेम म्हणजे काय हे कळण्याआधीच कुंकू पुसावे लागले, ती मांडवात मध्यभागी उभी राहून लग्नाची गाणी म्हणते आहे! आणि कोणती कथा निवडते? आपला नवरा आपण निवडणाऱ्या मुलीची. देवाचे लग्न, त्यामुळे कोणी हटकू शकत नाही. स्वतःचे मन स्वतःच्या नावाने उघडायची जिला सोय नव्हती, तिने ते रुक्मिणीच्या नावाने उघडले, असे आम्हांला वाटते. पुरावा मागाल तर धवळ्यांखेरीज दुसरा आमच्यापाशी नाही.

याच कथेवर १२९२ च्या सुमारास नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचले. महानुभाव परंपरा सांगते की रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर मागितले, सोनेही देऊ केले. नरेंद्राने ते नाकारले आणि आठवतील तेवढ्या निम्म्याच ओव्या घेऊन तो बाहेर पडला. केलेल्या कामावरचे नाव विकणार नाही म्हणणारा हा कारागीर आम्हांला फार जवळचा वाटतो. असो.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट झाली. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथी समोर असली तरी बाहेरच्याला अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. नंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि आपल्या नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनी या वाङ्मयासाठी उभे आयुष्य वेचले. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ निघाले आहे. पण मधली पाचसहाशे वर्षे महदाइसेचे गाणे पंथाबाहेरच्या मुलींच्या कानी पडले नाही. एका मुलीच्या गुपिताचे गाणे स्वतःच गुपित होऊन बसले.

मुलींना मिळाले ते एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर. १५७१ साली काशीत ते पूर्ण झाले. अठरा प्रसंगांचा ग्रंथ. लग्न जुळत नसलेल्या मुलीने त्याचे पारायण करावे, चांगला नवरा मिळतो, अशी समजूत महाराष्ट्रभर पसरली आणि अजून आहे. गंमत अशी, की आईबापच मुलीच्या हाती ही पोथी देतात. भावाने ठरवलेले लग्न मोडून निवडलेल्या पुरुषाबरोबर रथात बसून जाणाऱ्या मुलीची पोथी! ती वाचून मुलीने काय शिकावे अशी त्यांची अपेक्षा असते, हे त्यांनाच विचारले पाहिजे.

पोथी वाचायला अक्षर लागते. ज्यांना ते नव्हते त्यांच्यासाठी जाते होते आणि आपल्या विदर्भात भुलाबाई होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आईवर आणि भावावर किती, याला गणती नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी नांदायला गेलेल्या पोरीचे पहिले प्रेम दुसरे कोणते असणार? नवऱ्याची ओळख व्हायच्या आत माहेर तुटलेले असे. भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, घरोघर जायचे, टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणायची, शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. गाण्यांत सासूचा जाच, नणंदेचा खोडसाळपणा, माहेरी जाऊ न देणे, सगळे उघड सांगितलेले. आणि तीच सासू बाजूला बसून ऐकते, वर खाऊही देते.

हे कसे चालते? आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो. एका कामगाराने तक्रार केली, तर मालक त्याला गेटाबाहेर काढतो. शंभरांनी एका सुरात केली, तर काढणार कोणाला? भुलाबाईच्या गाण्यात नेमके हेच आहे. बोल कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. एखादी पोर आपले खरेच दुःख त्यात मिसळून म्हणत असेल, पण तिला पकडता येत नाही. गाणे आहे, सगळ्याच म्हणतात. विडीच्या कामात आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कापीत बसलेल्या बायका आणि त्यांच्या पोरी एकीने उचललेले गाणे दुसरीच्या हाती देत. मुकादम ऐकत असे, पण त्याला काही कळत नसे.

गाण्याचा हा आडोसा सोडून एकटीने पत्र लिहिले, तर काय होते, तेही इतिहासात आहे. मुंबईची रुखमाबाई, जन्म १८६४, लग्न अकराव्या वर्षी. नवऱ्याकडे नांदायला जायला तिने नकार दिला, १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये तिने वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, तीही नाव लपवून, ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने. १८८७ साली न्यायालयाने हुकूम दिला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन असे सांगितले. १८८८ साली तडजोड झाली, पुढे ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. या खटल्याने जे वादळ उठले, त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, आणि दहाचे वय बारावर गेले. दहाचे बारा, एवढ्यासाठी केवढा गदारोळ! मुलीच्या लग्नाचे वय अठरा व्हायला १९७८ साल उजाडावे लागले.

एवढे होऊनही आमच्या वस्तीत मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली की तिची शाळा बंद होते. चिठ्ठीच्या जागी आता मोबाईल आला, इतकेच. एका घरी आम्ही मध्यस्थीला गेलो होतो. मुलगी सोळा वर्षांची, मुलाशी चार शब्द बोललेली. भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, तिला ताजा हार. मुलीचा थोरला भाऊ तिच्याखालीच उभा राहून आमच्याशी भांडत होता. आम्ही त्याला म्हटले, बाबा, हिचे लग्न लावायची घाई करू नकोस, शाळा शिकू दे. आणि ही वर हार घालून ठेवली आहेस, तिच्या भावाचे नाव तुला ठाऊक आहे काय? त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले.

तुम्हांलाही रुक्मीचे पुढचे सांगितले पाहिजे, कारण कीर्तनात कथा बहुधा लग्नाच्या अक्षतांपाशी संपते. बहिणीच्या मागे धावलेला रुक्मी कृष्णाच्या हाती सापडला. रुक्मिणीने पाय धरले म्हणून जिवानिशी सुटला. कृष्णाने त्याचे केस-मिशा भादरून सोडून दिले. बहिणीला परत आणल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती, म्हणून त्याने भोजकट नावाचे वेगळे नगर वसवले. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच, असे सांगतात. वर्षे गेली. त्याची मुलगी रुक्मवती उपवर झाली. त्याने तिचे स्वयंवर मांडले, आणि भरल्या सभेत तिने माळ घातली ती रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न याच्या गळ्यात. कृष्णाने केलेला अपमान रुक्मीच्या मनातून गेला नव्हता, असे भागवतकार स्पष्ट लिहितात. तरी बहिणीला बरे वाटावे म्हणून त्याने आपली मुलगी भाच्याला दिली.