निळा पडदा आणि पंचवीस छिद्रं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

यवतमाळ जिल्ह्यात ज्यांनी १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत बारावीला संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पॉलिटेक्निक केलं किंवा यवतमाळ-पुसदला इंजिनिअरिंग केलं, त्यांना 'निळा पडदा' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गडद निळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, वर करड्या पट्टीत 'फाइल, एडिट, सर्च, रन'. हा टर्बो सी++ चा पडदा. बोरलँड या अमेरिकन कंपनीचं पहिलं टर्बो सी १९८७ साली आलं. आपल्याकडे जी आवृत्ती घरोघरी, म्हणजे लॅबोलॅबी पोचली, ती ३.०, साधारण १९९१-९२ च्या सुमाराची. बोरलँडने पुढे हे सगळं सोडून दिलं. २००८ साली त्यांचा प्रोग्रामिंग साधनांचा विभाग एम्बार्केडेरो कंपनीकडे गेला आणि २००९ मध्ये उरलेलं बोरलँडही मायक्रो फोकसने विकत घेतलं. आई-बाप गेले, पोरगं मात्र विदर्भात सुखाने नांदत राहिलं.

ते का नांदलं, याची कारणं साधी आहेत. एक तर ते चार-पाच फ्लॉपींत मावायचं आणि ३८६ प्रोसेसरच्या, आज हसू येईल अशा मशीनवरही पळायचं. दुसरं, अभ्यासक्रम. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात संगणकशास्त्राला दोनशे गुण. एका पेपरात सी++, दुसऱ्यात इंटेलचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि ८०५१ मायक्रोकंट्रोलर. ८०८५ हा १९७६ सालचा, ८०५१ हा १९८० सालचा. अभ्यासक्रम एकदा छापला की तो सहजासहजी हलत नाही, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जे लिहून आलं, तेच पुढच्या वर्षीचा मुलगा उतरवतो. तिसरं कारण नागपूरचं आहे. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक साऱ्या देशात गेलं. त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉस आणि टर्बो सी समोर ठेवूनच लिहिलेल्या होत्या. आमच्या भागात तर ते शेजारच्या गावच्या माणसाचं पुस्तक. सेकंडहँड प्रत हातोहात फिरायची, तिच्या समासात चार पिढ्यांची अक्षरं असायची.

पैशाचं बोलायचं तर ३.० ची प्रत विकत घेतलेला माणूस मला जिल्ह्यात भेटलेला नाही. बोरलँडने जुनी सॉफ्टवेअरं आपल्या 'संग्रहालया'तून मोफत दिली, त्यांत टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ होती, ३.० नव्हती. सगळा कारभार फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चालला. यात अभिमानाचं काही नाही, पण इतिहास सांगताना हे वगळलं तर गोष्ट खोटी होईल.

आता माझा खरा विषय. मी या जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, आणि मला टर्बो सी मध्ये रस होता तो संगणकाच्या पाठीमागच्या पंचवीस छिद्रांमुळे. प्रिंटर लावायचं ते पोर्ट, म्हणजे पॅरलल पोर्ट. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ते चालत आलं. त्यातली दोन ते नऊ क्रमांकाची आठ छिद्रं म्हणजे डेटाच्या आठ तारा, अठरा ते पंचवीस म्हणजे ग्राउंड. या पोर्टचा पत्ता बहुतेक मशीनवर ठरलेला, हेक्स पद्धतीत ३७८. टर्बो सी मध्ये 'आउटपोर्टबी' ही एक ओळ लिहायची, पत्ता द्यायचा, आकडा द्यायचा, आणि तारेवर व्होल्टेज हजर. तारेला ४७० ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी. एलईडीच्या जागी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले लावला की दोनशे तीस व्होल्टचा बल्ब संगणकाच्या हुकमात. मधे कुठलाही महागडा बोर्ड नाही. नागपूरच्या बर्डीवरून आणलेला कनेक्टर, थोडी वायर, सोल्डरिंगची कांडी, एवढ्यात काम व्हायचं. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. एसटीने जाणारा माणूस चौघांची यादी घेऊन जायचा.

यवतमाळचा दुर्गोत्सव तुम्हाला ठाऊक आहेच. नवरात्रात मंडपाच्या मागे, कनातीआड, झाकण काढलेला एखादा ४८६ संगणक आणि त्याच्या पाठीतून निघालेल्या तारा मी स्वतः पाहिल्या आहेत. बाहेर लोक धावती रोषणाई बघत असत आणि आत एक बारावीचा पोरगा आकडे बदलत असे: एक, दोन, चार, आठ, सोळा. द्विमान पद्धती वर्गात समजली नसेल, ती तिथे समजायची.

या सुखाला पहिला धक्का बसला विंडोज एक्सपीने. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये कुठल्याही प्रोग्रामला पोर्टवर थेट हात टाकता येत होता. २००१ साली एक्सपी आली ती एनटीच्या घराण्यातली. तिचा नियम असा की, पोर्टला हात लावायचा तो फक्त ऑपरेटिंग सिस्टीमने. नियम रास्तच आहे, नाही तर कुठलाही प्रोग्राम मशीन बंद पाडेल. पण आमचे दिवे विझले. त्यावर उतारा आधीच तयार होता. डेल रॉबर्ट्स नावाच्या प्रोग्रामरने १९९६ साली 'गिव्हआयओ' हा छोटा ड्रायव्हर लेखासकट प्रसिद्ध केला होता. पुढे 'इनपआउट३२' आला. ते बसवले की पोर्ट पुन्हा बोलू लागायचं. ड्रायव्हर म्हणजे काय आणि ऑपरेटिंग सिस्टीम नेमकी कशाची राखण करते, हे आमच्या मुलांना या अडचणीने शिकवलं. पाठ्यपुस्तकातल्या त्या धड्याने नव्हे.

दुसरा धक्का मोठा. चौसष्ट बिटांचं विंडोज आलं आणि सोळा बिटांचे प्रोग्राम त्यावर मुळी उघडेनात. कारण प्रोसेसरमध्येच आहे. चौसष्ट बिटांच्या अवस्थेत चालताना जुन्या ८०८६ ची नक्कल करणारी सोय त्याला वापरता येत नाही, म्हणून विंडोजनेही डॉसचा तो कप्पा काढून टाकला. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये तो विंडोज १० पर्यंत टिकला. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची बत्तीस बिटांची आवृत्तीच निघाली नाही, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्या बाजूचं दार बंद झालं.

नक्कल करणारी सॉफ्टवेअरं मात्र होती. २००२ पासून मिळणारं डॉसबॉक्स हे मुळात जुने खेळ खेळता यावेत म्हणून केलेलं. त्यात टर्बो सी बसवून बांधलेली गाठोडी पेनड्राइव्हवरून कॉलेजाकॉलेजांत फिरली, आणि नव्या लॅपटॉपवर पुन्हा तोच निळा पडदा दिसू लागला. शिक्षक खूश, परीक्षक खूश. पण डॉसबॉक्स नक्कल करतं ती संगणकाची. पाठीमागच्या छिद्रांची नाही. प्रोग्राम ३७८ वर आकडा पाठवतो, चूक दाखवत नाही आणि बाहेर काहीच होत नाही. पॅरलल पोर्ट खरोखर जोडून देणाऱ्या त्याच्या काही सुधारित आवृत्त्या आहेत, पण त्यासाठी मुळात मशीनला पोर्ट तर हवं! लॅपटॉपवरून ते केव्हाच गेलं. बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर केबल इथे कामाची नाही. तिला फक्त प्रिंटरची भाषा येते, ३७८ हा पत्ता तिच्या गावी नाही. आत बसवायचं पोर्टचं कार्ड मिळतं, पण त्याचा पत्ता भलताच निघतो, तो शोधून प्रोग्राममध्ये बदलावा लागतो.

म्हणून ज्यांना खरोखर तारा हलवायच्या होत्या, त्यांनी वेगळी वाट धरली: जुनं मशीन आणि फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉसचं काम थांबवणार असं दिसल्यावर जिम हॉल या भौतिकशास्त्राच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ साली सर्वांसाठी मोफत डॉस लिहायचं जाहीर केलं. १.० आवृत्ती यायला २००६ उजाडलं. २०२५ सालीही तिची नवी आवृत्ती आली आहे. निर्लेखित होऊन भंगारात निघालेल्या पेंटियम थ्रीवर फ्रीडॉस टाकलं की टर्बो सीही चालतं आणि पोर्टही. आमच्या जिल्ह्याला जुनं चालवायची सवय आहे म्हणा. शकुंतलेला वाफेचं इंजिन सत्तर वर्षं ओढत होतं, १९९४ साली ते निवृत्त झालं आणि डिझेल आलं. (आता गाडीच राहिली नाही, तो विषय निराळा.)

इथे मला एक भेद करावासा वाटतो, आणि तो माझ्या काही सहकाऱ्यांना रुचत नाही. पोर्ट चालवायला जुनं टर्बो सी जपणं वेगळं आणि त्यावर सी++ शिकवत राहणं वेगळं. सी++ ची अधिकृत प्रमाण आवृत्ती १९९८ ची, टर्बोची ३.० त्याच्या कितीतरी आधीची. तिच्यावर शिकलेला मुलगा 'आयोस्ट्रीम डॉट एच' लिहितो आणि नव्या कंपायलरवर त्याची पहिलीच ओळ चुकते. त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे तो आधीच बुजलेला असतो, त्यात ही भर. नवे कंपायलर फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात जीसीसीचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. तेव्हा निळा पडदा प्रयोगशाळेच्या टेबलावर असावा, परीक्षेच्या हॉलमध्ये नको, असं माझं मत होतं आणि आहे.

जपणं म्हणजे नेमकं काय जपणं, हे मला दारव्हा तालुक्यातल्या एका शेतात कळलं. कृषिपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री येते. रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला जाणं म्हणजे विंचू-सापाशी गाठ. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतात. पण वीज आली की एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपी जळते. माझ्या एका विद्यार्थ्याने यावर आठ-दहा पेट्या बनवून दिल्या होत्या. आत ॲटमेलचा ८९सी५१, म्हणजे ८०५१ चाच पुसून पुन्हा लिहिता येणारा भाऊ. प्रत्येक पेटीची थांबण्याची वेळ वेगळी: पहिली तीस सेकंद, दुसरी साठ, तिसरी नव्वद. बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर या चिपचं एक पाऊल बरोबर एका मायक्रोसेकंदाचं. तिचा टायमर पासष्ट हजारांच्या थोडं पुढे मोजून थकतो, म्हणून पन्नास मिलिसेकंदांचे वीस फेरे घालायचे, की एक सेकंद झाला. वर्षानुवर्षं पेट्या बिनतक्रार चालल्या.

मग एका पावसाळ्यात वीज पडली आणि त्यातल्या तीन चिपा गेल्या. उरलेल्या चिपांतून प्रोग्राम वाचून घ्यावा, तर त्या वाचता येऊ नयेत म्हणून कुलूपबंद केलेल्या. मूळ प्रोग्राम फ्लॉपीवर, फ्लॉपीला बुरशी. विद्यार्थी नोकरीनिमित्त दूर परराज्यात. आम्हाला वाचवलं ते त्याच्या पदविकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टने. काळ्या बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं ते पुस्तक ग्रंथालयाच्या माळ्यावर होतं आणि परिशिष्टात डॉट मॅट्रिक्सवर छापलेला संपूर्ण प्रोग्राम. शाई फिकी झालेली. शून्य की ओ, आठ की बी, हे भिंगातून पाहत दोन संध्याकाळी टंकून काढला. जुना डॉस असेम्ब्लर डॉसबॉक्समध्ये विनातक्रार चालला, कारण त्याला पोर्टशी देणंघेणं नसतं. ८९सी५१ ऐवजी तशाच चाळीस पायांची ८९एस५२ घेतली. तिच्यात प्रोग्राम भरायला बारा व्होल्टचा वेगळा प्रोग्रामर लागत नाही, सहा ते नऊ क्रमांकाचे चार पाय आणि ग्राउंड अशा पाच तारा पॅरलल पोर्टला जोडल्या की पुरे. ते काम घरच्या पेंटियम थ्रीने केलं. आता तेवढ्याचसाठी यूएसबीएएसपी नावाचा अंगठ्याएवढा प्रोग्रामर मिळतो, तोही चालतो.

तिन्ही चिपा बसल्या. रात्री वीज आली तेव्हा पहिल्या पेटीने तीस मोजले, मग रिले खटकन वाजला आणि मोटरने पाणी धरलं. आम्ही धुऱ्यावर उभे राहून तिसऱ्या पेटीपर्यंत मोजत होतो.

त्यानंतर मी त्या माळ्यावरचे रिपोर्ट एकेक करून पाहतो आहे. बऱ्याच ठिकाणी ते दर काही वर्षांनी रद्दीत जातात, इथले सुदैवाने उरलेत. ज्यांत प्रोग्राम छापलेला आहे, ती पानं स्कॅन करतो, आणि जे सर्किट अजून कुणाकडे चालू आहे, त्याचा प्रोग्राम टंकून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. सोबत असेम्ब्लरची प्रत आणि क्रिस्टल कितीचा होता याची नोंद. आतापर्यंत अकरा झाले आहेत.