नरक्या व कॅम्प्टोथेसिन

रेवदंड्यापाशी समुद्रास मिळणारी कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते. त्याच सह्याद्रीच्या सदाहरित रानांत नरक्या हा दुर्गंधी फुलांचा लहानसा वृक्ष वाढतो. त्याच्या अंगच्या द्रव्याची ओळख मात्र प्रथम परदेशात पटली. नंदुरबार येथे जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासह १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगरोधक द्रव्य पृथक् केले. १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच नरक्यात आढळले.

तथापि हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचा विद्राव्य क्षार रोग्यांस देता तीव्र विषारी परिणाम दिसले व त्या चाचण्या थांबल्या. डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकरास ते जखडून ठेवते, हे १९८५ साली उमगले आणि संशोधनास पुन्हा चालना मिळाली. त्यापासून सिद्ध केलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली.

मागणी वाढताच सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली. रोग्यांस आधार देणाऱ्या वृक्षाचेच अस्तित्व त्यामुळे धोक्यात आले. म्हणून त्याची लागवड व जतन हा औषधसंशोधनाचाच भाग मानला पाहिजे.